पावसाचा आडोसा आणि विजेचा आडोसा
(पेडणे व डिचोली परिसराच्या संदर्भात एक विवेचन)

प्रास्ताविक

वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर, म्हणजे १२० इंचांच्या आसपास पाऊस ज्या भूमीवर पडतो, तेथील माणूस पावसाला सहसा बिचकत नाही. गोव्यात शेतकरी, बागायतदार, मच्छीमार आणि शाळकरी मुले या सर्वांना पावसात वावरण्याची सवय असते. सर आली की जवळच्या झाडाखाली, शेतातल्या खोपीत किंवा बसथांब्याच्या छपराखाली घटकाभर थांबायचे आणि ओसरली की पुढे निघायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. पावसापुरती ती ठीकही आहे. परंतु पावसापासून वाचवणारा आडोसा विजेपासून वाचवतोच असे नाही. पुष्कळदा तोच आडोसा जिवावर बेततो. हे दोन आडोसे निरनिराळे कसे आहेत, हे पेडणे व डिचोली या तालुक्यांच्या संदर्भात स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

विषय किरकोळ नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार भारतात वीज पडून २०२० साली २,८६२, २०२१ साली २,८८० आणि २०२२ साली २,८८७ माणसे मृत्युमुखी पडली. २०२२ मध्ये नैसर्गिक आपत्तींत जे मृत्यू झाले, त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक एकट्या विजेमुळे झाले. पूर किंवा वादळ आले की वृत्तपत्रांचे रकाने भरतात. वीज मात्र एकेका गावात, एकेका शेतात, एकेका कुटुंबावर कोसळते, म्हणून तिची एकूण हानी लक्षात येत नाही.

एक शब्द, अनेक अर्थ

भाषेच्या अभ्यासकाला येथे एक गोष्ट जाणवते. उर्दूत चमकणाऱ्या विजेला ‘बर्क’, गडगडाटाला ‘रअद’ आणि कोसळणाऱ्या विजेला ‘साइका’ असे वेगवेगळे शब्द आहेत. मराठीत आपण ‘वीज’ हा एकच शब्द ठेवतो आणि क्रियापद बदलतो : वीज चमकते, वीज कडाडते, वीज पडते. चमकणे, कडाडणे आणि पडणे या तीन वेगळ्या घटना नव्हेत. एकाच घटनेची ती तीन अंगे आहेत, आणि मराठीतील एकच नाम ही गोष्ट बरोबर सांगते. ज्याने गडगडाट ऐकला तो माणूस विजेच्या टप्प्यात आलेला असतो.

याच शब्दाने एक घोटाळाही होतो. तारांतून येणाऱ्या विद्युत्‌पुरवठ्यालाही आपण ‘वीज’ म्हणतो, उर्दू बोलणारेही ‘बिजली’ हाच शब्द दोन्हींसाठी वापरतात. वादळात पुरवठा बंद पडला की ‘वीज गेली’ असे आपण म्हणतो आणि आता तारांना धोका नाही असे मनात धरतो. प्रत्यक्षात खांबावर किंवा त्याच्या आसपास पडलेल्या आकाशातील विजेचा झोत बंद पडलेल्या तारांतूनही घरात शिरू शकतो. वादळापूर्वी दूरदर्शन संच, संगणक, शीतकपाट यांचे प्लग काढून ठेवावेत असे सांगितले जाते, त्याचे कारण हेच आहे. नुसते बटण बंद करून भागत नाही.

गोव्यातील विजांचे दोन हंगाम

गोव्यात मान्सून साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात दाखल होतो. त्याआधीचा एप्रिल-मे आणि त्याच्या परतीचा सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा प्रारंभ, हे विजांचे दोन मुख्य हंगाम होत. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस संततधार लागते, पण कडकडाट त्या मानाने कमी असतो. ज्यावेळी पाऊस सर्वांत जास्त त्यावेळी विजा कमी, हे ऐकून नवल वाटेल, पण त्यामागील कारण सरळ आहे. वीज निर्माण होण्यास ढगात बर्फ आणि हवेचा जोरदार ऊर्ध्वप्रवाह असावा लागतो. भर मान्सूनमधील ढग पाण्याने भरलेले असले तरी त्यांतील ऊर्ध्वप्रवाह तुलनेने मंद असतो. याउलट मे महिन्यात तापलेल्या जमिनीवरून दमट हवा वेगाने वर चढते आणि दुपारनंतर बारा-पंधरा किलोमीटर उंचीचे गर्जन्मेघ उभे राहतात.

हे मेघ पुष्कळदा सह्याद्रीच्या माथ्यावर जन्म घेतात आणि तिसऱ्या प्रहरानंतर पश्चिमेकडे सरकतात. सत्तरीला लागून असलेल्या डिचोलीकरांना पूर्वेकडे आभाळ काळे होताना दिसते. पेडण्यातही दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाजूने अंधारून येते, आणि किनाऱ्यावर त्यावेळी लख्ख ऊन असू शकते.

हे दोन्ही हंगाम माणसाला घराबाहेर ठेवणारे आहेत, ही यातील खरी अडचण होय. मे महिन्यात काजूचा शेवटचा बहर गोळा करायचा असतो, छप्पर शाकारायचे असते, जळाऊ लाकूड आत घ्यायचे असते. पावसाळ्यासाठीचे पुरुमेंत, म्हणजे सोले, मिरच्या, पापड, सुकी मासळी, अंगणात व गच्चीवर वाळत घातलेले असते. ऑक्टोबरमध्ये सरदाचे भात कापणीला आलेले असते. अशा वेळी पहिला गडगडाट ऐकू येतो, तेव्हा काय होते? घरात असलेली माणसे वाळवण उचलायला बाहेर धावतात आणि शेतात असलेली माणसे कापलेले भात झाकण्यासाठी आणखी अर्धा तास शेतातच राहतात. ज्या आवाजाने माणसाने आत जावे, त्याच आवाजाने ती बाहेर येतात.

वीज माणसापर्यंत कशी पोहोचते?

गर्जन्मेघात बर्फाचे सूक्ष्म स्फटिक आणि गारेसारख्या जड गोळ्या एकमेकांवर आदळतात आणि त्यातून विद्युत्‌भाराची विभागणी होते. हलके धन भाराचे कण वर जातात, ढगाच्या खालच्या भागात ऋण भार साचतो. त्याच्या प्रभावाने खालील जमिनीवर धन भार गोळा होतो. ढगातून एक अदृश्यप्राय धारा सुमारे पन्नास-पन्नास मीटरच्या टप्प्यांनी खाली उतरू लागते. ती जमिनीजवळ आली की झाडे, खांब, मनोरे आणि माणसाच्या डोक्यावरूनही लहान धारा वर उठतात. त्यांपैकी एक तिला भेटली की मार्ग जुळतो आणि सरासरी ३०,००० अँपिअरचा प्रवाह वाहतो. त्या मार्गातील हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सियसपर्यंत, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या सुमारे पाचपट तापते आणि स्फोटासारखी प्रसरण पावते. तोच गडगडाट.

वीज म्हणजे डोक्यावर कोसळणारी गोष्ट, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वीजबाधित व्यक्तींच्या वैद्यकीय अभ्यासातून मात्र वेगळे चित्र दिसते. थेट अंगावर वीज पडण्याचे प्रमाण सुमारे ३ ते ५ टक्के एवढेच असते. उरलेल्यांना ती पुढील मार्गांनी गाठते :

१. जमिनीतून : झाडावर किंवा जमिनीवर पडलेली वीज भोवतालच्या जमिनीत पसरते. दोन पावलांमध्ये जितके अंतर अधिक, तितका विद्युत्‌दाबाचा फरक अधिक आणि शरीरातून वाहणारा प्रवाह अधिक. सुमारे निम्म्या घटना याच प्रकारच्या असतात. गाई-म्हशींच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर मोठे असते, म्हणून एका झाडाखाली बांधलेली अनेक जनावरे एकाच वेळी दगावतात.

२. बाजूने उडी मारून : झाडावर पडलेली वीज खोडातून खाली येताना शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरात उडी घेते, कारण लाकडापेक्षा माणसाचे शरीर तिला अधिक सोपे वाटते.

३. स्पर्शातून : काटेरी तारेचे कुंपण, लोखंडी फाटक, नळ, विजेची उपकरणे यांना हात लागलेला असताना. कुंपणावर पडलेली वीज तारेतून बरीच दूर जाऊ शकते.

४. वर उठणाऱ्या धारेतून : वीज दुसरीकडे पडली तरी माणसाच्या शरीरातून वर उठलेली लहान धाराही इजा करते.

झाडाखालचा आडोसा का घातक, याचे उत्तर या यादीतच आहे. झाडाखालील माणूस पहिल्या दोन्ही मार्गांच्या तोंडाशी उभा असतो.

पेडणे व डिचोली : जोखमीच्या जागा

या दोन्ही तालुक्यांत जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे आहेत. सड्यावर झाडे खुरटी असतात, त्यामुळे उभा माणूस हाच पुष्कळदा आसपासचा उंच बिंदू ठरतो. शिवाय कोरडा, कठीण जांभा विजेचा चांगला वाहक नाही. वीज खोल मुरण्याऐवजी पृष्ठभागावर पसरते आणि पावलांमधील दाबाचा फरक वाढतो. गुरे राखणारे, काजू वेचणारे, क्रिकेट खेळणारी मुले यांनी हे ध्यानात घ्यावे.

पेडण्यातील मोपच्या सड्याचे उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. तेथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. २२ मे २०२४ रोजी सायंकाळी वीज पडून तेथील धावपट्टीच्या कडेचे दिवे निकामी झाले आणि सहा विमाने अन्यत्र वळवावी लागली. आधुनिक यंत्रणा असलेल्या ठिकाणीही विजेपुढे थांबणे आणि वाट बदलणे हाच उपाय ठरला. विमानतळांवर वीज जवळ आली की उघड्या जागेतील कामगारांना आत बोलावण्याची पद्धत जगभर आहे. त्याच सड्याच्या उतारावरील काजूच्या बागेत काम करणाऱ्या मजुराला मात्र असे बोलावणारे कोणी नसते.

किनारपट्टीवर केरी, हरमल, मांद्रे, मोरजी येथे होडीवाले आणि रापणकार यांना समुद्राच्या सपाटीवर कोणताच आडोसा नसतो. पूर्वेकडे गडगडाट ऐकू येताच किनारा गाठणे, जाळे नंतर ओढणे, हाच मार्ग आहे. केरी-तेरेखोल फेरीबोटीची वाट पाहणाऱ्यांनी धक्क्यावर उभे न राहता बंद मोटारीत किंवा पक्क्या इमारतीत थांबावे. डिचोलीत मये येथील तळे आणि हरवळ्याचा धबधबा येथे येणाऱ्यांनी पाण्यातून लगेच बाहेर पडावे. खाणपट्ट्यात बंद केबिनचा ट्रक किंवा यंत्र सुरक्षित असते, पण ते सोडून उघड्यावर उतरलेला कामगार सुरक्षित नसतो.

माडांच्या बागांबद्दल थोडे वेगळे सांगावे लागेल. माड वीज आपल्यावर घेतो, म्हणून बागेत धोका नाही, असे काही लोक म्हणतात. बांगलादेशात मे २०१६ मध्ये दोनच दिवसांत ८० हून अधिक माणसे विजेने दगावल्यानंतर तेथील सरकारने विजेला नैसर्गिक आपत्ती म्हणून मान्यता दिली आणि संरक्षणासाठी ताडाची झाडे लावण्याची मोठी मोहीम हाती घेतली. ताड उंच व्हायला दशके लागतात आणि अनेक रोपे जगलीच नाहीत. उंच झाड वीज घेते हे खरे, परंतु त्याच्या बुंध्याशी असलेल्या माणसाला ते तीच वीज देते. म्हणून माडावर चढलेला पाडेली आणि खाली नारळ गोळा करणारी माणसे, दोघांनीही पहिल्या गडगडाटाला बाग सोडली पाहिजे.

खरा आडोसा कोणता?

विजेपासून वाचवणाऱ्या जागा मुळात दोनच : पक्की, बंद इमारत, जिच्यात वायरिंग व नळ असतात आणि पडलेल्या विजेला जमिनीत जाण्यास वाट मिळते, आणि धातूचे छप्पर असलेले बंद वाहन. मायकेल फॅरेडे यांनी १८३६ मध्ये दाखवून दिले की धातूच्या पिंजऱ्यावर पडलेला विद्युत्‌भार त्याच्या बाहेरील पृष्ठभागावरूनच वाहतो, आत शिरत नाही. कदंबची बस किंवा मोटार हा असाच पिंजरा आहे. काचा लावून, धातूच्या भागांना हात न लावता आत बसावे. वाहनाचे संरक्षण रबरी टायरमुळे मिळत नाही, म्हणून दुचाकीला ते मुळीच लागू पडत नाही. दुचाकीस्वाराने वाटेतील दुकान, शाळा, पंचायत घर अशी पक्की इमारत गाठावी. शेतातील खोप, चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड, उघडा बसथांबा आणि छत्री हे केवळ पावसाचे आडोसे होत.

केव्हा आत जावे, यासाठी एक सोपा हिशेब आहे. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरला तीन सेकंद. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते. तीस सेकंद किंवा त्याहून कमी असतील तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि तिचा पुढचा आघात आपल्या डोक्यावर होऊ शकतो. मोजणे जमत नसेल तर त्याहून सोपा नियम असा की गडगडाट ऐकू आला की आत जावे. पाऊस सुरू होण्याची वाट पाहू नये, कारण पावसाच्या पट्ट्यापासून दहा किलोमीटर किंवा अधिक अंतरावरही वीज पडू शकते. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर तीस मिनिटे आतच थांबावे. सर ओसरली म्हणून लगेच बाहेर पडणे ही पावसाची सवय आहे, विजेच्या बाबतीत ती धोक्याची आहे.

घरात असताना नळाखाली अंघोळ वा भांडी धुणे, तारेचा दूरध्वनी वापरणे, चार्जिंगला लावलेला मोबाईल हातात धरणे टाळावे. खिडकी, दार व भिंतीतील वायरिंगपासून दूर बसावे.

उघड्यावर सापडलेच आणि जवळ इमारत वा वाहन नसेल, तर सड्याच्या माथ्यावरून खाली उतरावे, एकट्या झाडापासून, कुंपणापासून व पाण्यापासून दूर जावे, माणसांनी एकमेकांत अंतर ठेवावे. जमिनीवर आडवे पडू नये. पाय जुळवून उकिडवे बसण्याचा सल्ला दिला जातो, पण तो अगदी शेवटचा उपाय आहे. त्याने धोका थोडा कमी होतो, टळत नाही. म्हणून सुरक्षित जागेकडे जाता येत असेल तर बसून राहू नये.

वाळवण आणि कापणी यांचा प्रश्न वेळापत्रक बदलूनच सुटेल. विजांच्या हंगामात वाळवण दुपारी दोन-अडीचच्या सुमारास आत घ्यावे, कापणीची घाई सकाळी करावी आणि कापलेले भात झाकण्याची ताडपत्री आधीच शेतात नेऊन ठेवावी. हवामान खात्याचा पुढील तीन तासांचा तात्काळ अंदाज आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाईल अॅप यांचा उपयोग करावा. आपल्या जागेपासून २० ते ४० किलोमीटरच्या परिघातील विजेची सूचना ‘दामिनी’ देते. घरातील एकाने ती पाहून शेतातल्यांना फोन केला तरी पुरे.

काही गैरसमज

पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. जन्माच्या वेळी पाय आधी आले की डोके, याच्याशी विजेचा काहीही संबंध नाही. या समजुतीने पायाळू व्यक्ती आयुष्यभर धास्तावलेली राहते आणि इतर माणसे विनाकारण निर्धास्त होतात. एकदा पडली तेथे वीज पुन्हा पडत नाही, हेही खरे नाही. उंच जागांवर ती वारंवार पडते. मोबाईल वीज ओढून घेतो, याला आधार नाही.

बाधित व्यक्तीला हात लावल्यास आपल्यालाही झटका बसतो, हा सर्वांत घातक गैरसमज आहे. आकाशातील विजेने बाधित झालेल्या शरीरात वीज साठून राहत नाही. तुटलेली विद्युत्‌तार अंगावर नसल्याची खात्री करून त्याला तत्काळ हात लावता येतो, लावलाच पाहिजे.

प्रथमोपचार

विजेने मृत्यू येतो तो बहुधा हृदय व श्वास बंद पडल्यामुळे. असा माणूस मृत दिसतो, पण पहिल्या काही मिनिटांत त्याला वाचवण्याची संधी असते. १०८ किंवा ११२ वर फोन करावा. जागा धोक्याची असेल तर त्याला आत न्यावे. श्वास नसल्यास छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे आणि शक्य असल्यास तोंडाने श्वास द्यावा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये, दमल्यास दुसऱ्याने हात घ्यावा. एकाच वेळी अनेकांना बाधा झाली असेल, तर निपचित पडलेल्याकडे आधी जावे, कारण विव्हळणाऱ्याचा श्वास चालू असतो. देशाच्या काही भागांत बाधित माणसाला शेणात वा चिखलात पुरून ठेवतात. त्यात छातीवर दाब देण्याची ती मोलाची मिनिटे वाया जातात. शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात न्यावे, कारण कान, डोळे व मज्जातंतूंना झालेली इजा मागाहून प्रकट होते.

शिक्षणसंस्थांचे कर्तव्य

शाळेची इमारत, मशिदीचा मिनार, देवळाचा कळस, चर्चचा मनोरा या गावातील उंच वास्तू असतात. त्यांवर तडितवाहक बसवलेला असतो, पण त्याची तपासणी क्वचितच होते. छपरावरील दांडा, खाली येणारी धातूची पट्टी आणि जमिनीतील अर्थिंग ही तिन्ही अंगे सलग असतील तरच तो उपयोगी ठरतो. मधली पट्टी तुटली वा चोरीस गेली असेल तर वीज इमारतीतूनच वाट काढते. जांभ्या जमिनीत अर्थिंग चांगले लागत नाही. म्हणून दरवर्षी एप्रिलपूर्वी जाणकार तंत्रज्ञाकडून त्याचा रोध मोजून घ्यावा. तो १० ओहमपेक्षा कमी असावा, असा संकेत आहे.

तडितवाहक इमारतीचे रक्षण करतो, मैदानावरील मुलांचे नव्हे. त्यासाठी प्रत्येक शाळेत एक शिक्षक नेमून त्याला खेळ थांबवण्याचा पूर्ण अधिकार द्यावा. सामना रंगात आला असला तरी गडगडाट ऐकताच मुले वर्गात यावीत आणि तीस मिनिटांनंतरच मैदान उघडावे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना छातीवर दाब देण्याचे प्रशिक्षण देता येईल. शाळेत शिकलेली गोष्ट मुले घरी सांगतात, आणि काजूच्या बागेत व शेतात जाणारे पालक ती मुलांकडूनच ऐकतील.

समारोप

अमेरिकेत १९४० च्या दशकात वीज पडून दरवर्षी ३०० हून अधिक माणसे मरत. अलीकडच्या वर्षांत हा आकडा ३० च्या खाली आला आहे. तेथील आकाशात विजा कमी झालेल्या नाहीत. पक्की घरे वाढली, शेतात उघड्यावर राबणारी माणसे घटली, वैद्यकीय मदत लवकर मिळू लागली आणि गडगडाट ऐकताच आत जाण्याची सवय लोकांना लागली. यांतील पहिल्या तीन गोष्टींना काळ आणि पैसा लागतो. चौथीला काहीही लागत नाही. ती येत्या मे महिन्यापासून पेडण्याच्या आणि डिचोलीच्या प्रत्येक वाड्यावर सुरू होऊ शकते.